ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स: ऐकायला फुकट, पण आपलं गाणं तिथे लागणं महाकठीण

गेमच्या गाण्यांचे रीमिक्स म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर एकच प्रकार येतो, मूळ ट्यून उचलायची, खाली धडधडणारा बीट टाकायचा आणि "एपिक व्हर्जन" असं नाव देऊन सोडून द्यायचं. असला माल व्हिडिओ साइटवर ढिगाने पडलाय आणि त्यातला बराचसा दुसऱ्यांदा ऐकवत नाही. ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स, म्हणजे सगळे जिला ओसीआर म्हणतात ती साइट, याच्या बरोबर उलट्या टोकाला बसलीये. नुसतं ऐकायला जाणाऱ्याचे ती लाड करते आणि स्वतःचं गाणं घेऊन जाणाऱ्याचा घाम काढते, त्यामुळे रिव्ह्यू पण दोन्ही बाजूंनी द्यायला हवा.

ऐकणाऱ्यांचं आधी उरकून टाकतो कारण तिथे तक्रारीला फारशी जागाच नाहीये. डेव्हिड लॉइड, ऑनलाइन नाव डीजेप्रेट्झेल, यांनी १९९९ च्या डिसेंबरमध्ये ही साइट काढली आणि तेव्हापासून सगळं फुकट आहे. हजारो रीमिक्स, थेट डाउनलोड, पैसे भरा, अकाउंट उघडा असली काही कटकट नाही. प्रत्येक गाण्याच्या पानावर गेम कोणता, मूळ ट्यून कोणती, मूळ कंपोझर कोण हे सगळं नीट लिहिलेलं असतं. हे छोटं वाटेल पण नाहीये, कारण बाकी ठिकाणी मूळ कंपोझरचं नाव शोधता शोधता जीव जातो. गेमवरून शोधा, कंपोझरवरून शोधा, कन्सोलवरून (म्हणजे गेमच्या मशीनवरून) शोधा, आणि एकदा शोधायला बसलात की त्या रात्रीची झोप गेलीच समजा.

सिंगल ट्रॅकपेक्षा अल्बम जास्त भारी आहेत असं माझं मत. एक गेम पकडून पंधरा-वीस, कधी त्याहून जास्त लोक मिळून पूर्ण साउंडट्रॅक नव्याने बांधतात. डाँकी काँग कंट्री २ वरचा सीरियस मंकी बिझनेस नावाचा अल्बम २०१० ला आला, त्यात शेवटच्या गाण्यावर गेमचा मूळ कंपोझर डेव्हिड वाइज स्वतः आहे, सोबत दुसरे गेम-कंपोझर, ग्रँट कर्कहोप गिटारवर आणि रॉबिन बीनलंड ट्रम्पेटवर. म्हणजे बघा, फॅन लोकांच्या फुकट अल्बममध्ये ज्याची गाणी बदलली तोच माणूस येऊन स्वतःचं गाणं स्वतःच बदलून जातो! आणि फायनल फँटसी ६ वरचा बॅलन्स अँड रुइन, २०१३ चा, पाच डिस्क, ७४ ट्रॅक. त्याच्या सीडी छापायला किकस्टार्टर या वर्गणीच्या साइटवर पैसे गोळा करायला घेतले तर गेमची मालक कंपनी स्क्वेअर एनिक्सने मध्येच थांबवलं, मग बोलणी झाली, परवानगी मिळाली आणि दुसऱ्या वेळी दीड लाख डॉलरच्या वर जमले. तरी डाउनलोड फुकटच राहिलं. ७४ ट्रॅक सलग ऐकू नका मात्र, तिसऱ्या डिस्कपर्यंत कान थकतात, आणि खरं सांगायचं तर एवढ्यातले काही गाळले असते तरी चाललं असतं.

आता करून पाठवणाऱ्यांचं. खरी मजा इथे आहे आणि खरी रडारड पण इथेच.

इथे अपलोड बटण दाबलं आणि गाणं लागलं असं होत नाही. तुम्ही पाठवता, ते रांगेत बसतं, मग जज लोकांचं पॅनेल ऐकतं, मतं देतं, आणि पास झालं तरच लागतं. पास व्हायला मुख्य अटी दोनच म्हणता येतील. एक, मूळ ट्यून ओळखू आली पाहिजे आणि गाण्यात तिचंच वर्चस्व पाहिजे. दोन, अरेंजमेंट, म्हणजे गाण्याची मांडणी, खरोखर बदललेली पाहिजे, नुसते आवाज बदलून चालणार नाही. या दोन अटी एकमेकींना ओढतात ते लगेच लक्षात येतं. फार बदललं तर "यात मूळ ट्यून कुठाय?" आणि कमी बदललं तर "हे तर कव्हर झालं" (म्हणजे मूळ गाणंच परत वाजवलं), या दोघांच्या मधली जागा शोधण्यातच रीमिक्स करणाऱ्याचा निम्मा वेळ जातो. काही जज तर स्टॉपवॉच घेऊन बसल्यासारखे कितव्या सेकंदापासून कितव्या सेकंदापर्यंत मूळ ट्यून वाजतेय ते लिहून काढतात, बेरीज करतात, एकूण लांबीने भागतात आणि अर्ध्याच्या खाली गेलं तर सांगतात की नाय जमत. संगीताचा असा हिशोब मांडलेला बघून आधी हसू येतं. पण आपल्या गाण्यावर तो हिशोब घरी बसून करून बघा, इंट्रो आणि ब्रेकडाउनमध्ये आपण किती वेळ उगाच फिरत बसलोय ते कळतं.

आणि पॅनेलचे हे निर्णय उघड असतात. कोणत्या जजने हो म्हटलं, कोणी नाही म्हटलं, कोणी किरकोळ दुरुस्ती करून हो म्हटलं, आणि का, हे सगळं लिहिलेलं, कोणीही जाऊन वाचू शकतं. माझ्या मते या साइटवरची सगळ्यात किमती गोष्ट गाणी नाहीत, हे नाकारलेल्या गाण्यांचे निर्णय आहेत. फुकट ट्यूटोरियल व्हिडिओत कोणी सांगत नाही की तुझं पियानो मशीनसारखं वाजतंय कारण प्रत्येक नोटची व्हेलॉसिटी, म्हणजे वाजवण्याचा जोर, एकसारखी आहे, तुझा दुसरा भाग पहिल्याचा कॉपी पेस्ट आहे, तुझा बास आणि किक ड्रम एकाच फ्रिक्वेन्सीत भांडतायत म्हणून खालचा सगळा भाग गढूळ झालाय, आणि शेवट सुचला नाही म्हणून तू फेड आउट करून पळालास. इथे सांगतात, बऱ्यापैकी सभ्य भाषेत पण तोंडावर. दहा-बारा नकार ओळीने वाचले की तेच तेच मुद्दे परत परत दिसायला लागतात, आणि मग आपलं गाणं उघडलं की ते सगळे आपल्याच ट्रॅकमध्ये ओळीने उभे.

यातला मशीनसारखं वाजण्याचा मुद्दा जरा खोलात सांगतो कारण नवीन लोक नव्वद टक्के इथेच अडकतात. जुन्या निन्टेंडो कन्सोलच्या साउंड चिपमध्ये पाच चॅनेल होते, दोन पल्स, एक ट्रँगल (ही ध्वनिलहरींच्या आकारांची नावं) ज्याच्यावर बहुतेक वेळा बास टाकायचे, एक नॉइज ड्रमसाठी आणि एक छोट्या सॅम्पलसाठी, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या तुकड्यासाठी. एका चॅनेलवर एका वेळी एकच नोट, मग कॉर्ड वाजवायचा कसा? तर कॉर्डच्या तीन नोटा इतक्या भराभर एकामागून एक वाजवायच्या की कानाला एकत्र वाटाव्यात. तो गुरगुरणारा आवाज चिपवर झकास लागतो. पण मिडी फाइल (ज्यात आवाज नाही, नुसत्या नोटा लिहिलेल्या असतात) उतरवून तोच भाग जसाच्या तसा पियानोला दिला तर शिलाई मशीन सुरू केल्यासारखं वाटतं, कारण कुठलाच माणूस तसं वाजवत नाही. मग तिथे ठरवावं लागतं की याचा सरळ कॉर्ड करायचा, हळू आर्पेजिओ (नोटा एकेक करून) करायचा, गिटारच्या स्ट्रमिंगवर द्यायचा, की चक्क काढून टाकून ती हार्मनी दुसऱ्याच वाद्याकडे न्यायची. अरेंजमेंट म्हणतात ती ही. जजांना हेच ऐकायचं असतं, तुम्ही काही ठरवलंय का, की आलं तसं ठेवून दिलंय.

सुपर निन्टेंडोची गोष्ट वेगळी. आठ चॅनेल, खरे सॅम्पल, पण ऑडिओला सगळी मिळून मेमरी ६४ केबी. त्यातच वाद्यांचे सॅम्पल, त्यातच गाण्याचा डेटा, आणि इको पाहिजे असेल तर त्याचाही हिस्सा त्यातूनच, दर १६ मिलिसेकंदाला २ केबी. म्हणजे पूर्ण २४० मिलिसेकंदाचा इको घेतलात तर ३० केबी तिथेच खल्लास, उरलेल्यात अख्खा ऑर्केस्ट्रा बसवा! वाद्यं अशी तोकडी म्हणून बिचाऱ्या कंपोझरांना सगळा भार मेलडीवर टाकावा लागायचा आणि त्यामुळेच त्या काळची गाणी रीमिक्सला इतकी सोयीची पडतात, वाद्यं सगळी काढून घेतली तरी ट्यून एकटी उभी राहते. सुपर निन्टेंडोच्या गाण्याची एसपीसी फाइल प्लेयरमध्ये टाकून एक एक चॅनेल म्यूट करत ऐकून बघा कधीतरी, इतकी वर्षं ऐकलेल्या गाण्यात मागे एक वेगळीच बासलाइन स्वतःच्या मस्तीत चाललीये असं सापडतं, आणि चांगला रीमिक्स बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो, मेन मेलडीपासून नाही.

गाणं बनवायच्या सॉफ्टवेअरवर फार बोलत नाही, त्यावर लोक उगाच भांडतात. एलएमएमएस फुकट आहे, रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, एफएल स्टुडिओ एकदा घेतलं की अपडेट फुकट. जज ऐकतात तेव्हा त्यांना घेणंदेणं नसतं तुम्ही कशात केलंय.

आता न आवडलेलं. पहिलं म्हणजे वेळ. पाठवल्यापासून निकालापर्यंत महिनेच्या महिने जाऊ शकतात, सगळे फावल्या वेळात करणारे लोक आहेत हे मान्य, पण गाणं गरम असताना पाठवलं आणि निकाल आला तोवर आपली आवड बदललेली, तो प्रोजेक्ट नवीन कॉम्प्युटरवर उघडेना झालेला. ज्याला लगेच चार लोकांनी ऐकून वाहवा केलेली हवीये त्याने इथे येऊच नये. दुसरं, साइटची म्हणून एक आवड तयार झालीये, भरगच्च, सफाईदार, सारखं काहीतरी घडत राहणारं अरेंजमेंट. शांत अँबिअंट, एकच पियानो, मुद्दाम ओबडधोबड ठेवलेलं चिपट्यून (जुन्या साउंड चिपच्या आवाजातलं गाणं), असल्यांना बंदी नाहीये आणि लागलेली उदाहरणं पण आहेत, पण त्यांना स्वतःला सिद्ध करायला जास्त मेहनत पडते असं ऐकून वाटतं. तिसरं, सुरुवातीच्या काळातले बरेच रीमिक्स आज लागलेच नसते, तेव्हा दर्जाची पट्टी खाली होती. त्यामुळे जुन्या पानांवर गेलात तर निवडून ऐका, नाहीतर एवढ्या कडक जजांच्या साइटवर हे काय म्हणून गोंधळ उडेल.

आणि एक कायद्याची गंमत जी मला फार मजेशीर वाटते. अमेरिकन कायद्यात कव्हर गाणं विकायला एक ठरलेलं लायसन्स मिळतं, मूळ मालक नाही म्हणू शकत नाही, पण अट अशी की गाण्याची मूळ मेलडी आणि मूळ स्वभाव बदलायचा नाही. आणि इथले जज तर म्हणतात बदललं नाहीत तर परत पाठवू! म्हणजे इथे पास होणारं गाणं बऱ्याचदा त्या सोप्या लायसन्सच्या बाहेरच जाऊन पडतं. साइटने मात्र फुकट आणि फेअर यूजची (म्हणजे कायद्याने परवानगीशिवाय मर्यादित वापराला दिलेल्या मुभेची) बाजू धरून ठेवलीये, आणि तुमच्या अरेंजमेंटचा हक्क तुमच्याकडेच ठेवते. त्या लायसन्समध्ये व्हिडिओ तर येतच नाही, त्याची परवानगी वेगळी. माझाच एक ट्रॅक एका मोठ्या व्हिडिओ साइटवर टाकला तर तिच्या सिस्टमने दुसऱ्याच कोणाच्या तरी पियानो कव्हरच्या नावावर लावून टाकला, सोडवून घ्यायला इतकं लिहावं लागलं की तेवढ्यात अजून एक गाणं झालं असतं. त्या मानाने माणसांनी ऐकून दिलेला नकार परवडला राव.

बाहेर पडून पुढे काय, असं विचारणारे असतात, तर इथून गेलेले लोक आहेत. डॅनी बॅरनॉव्स्की, ज्याने २०१० च्या सुपर मीट बॉयचं संगीत केलं, तो इथलाच. २००८ च्या सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो एचडी रीमिक्सचं संगीत तर कॅपकॉमने थेट या साइटवरच्या लोकांकडूनच करून घेतलं. पण त्या आशेने येऊ नका, हे थोड्यांचंच होतं.

नकार पचत नसेल किंवा डेडलाइनशिवाय हात चालत नसेल तर ड्वेलिंग ऑफ ड्युएल्स ही गेम-संगीताची स्पर्धा बघा, दर महिन्याला एक थीम, खरी वाद्यं वाजवणाऱ्यांना जास्त भाव, मतदान होईपर्यंत नावं झाकलेली आणि महिना संपला की निकाल. तिकडे कच्चं गाणं पण आनंदाने ऐकतात. मी म्हणेन आधी तिकडे दोन-तीन महिने हात साफ करा, मग तेच गाणं नीट बसवून ओसीआरला पाठवा.

पाच स्टार ऐकणाऱ्यांसाठी. पाठवणाऱ्यांसाठी साडेतीन, आणि गाणं न पाठवता नुसते निर्णय वाचत बसणाऱ्यांसाठी परत पाच. पाठवणार असाल तर एक करा, ज्या गेमचं गाणं घेताय त्या गेमचे आधी लागलेले रीमिक्स शोधून ऐका, पंचवीस लोकांनी ती ट्यून आधीच पिळून काढली असेल तर त्याच गेममधली मेनूमागे किंवा दुकानात वाजणारी एखादी ट्यून उचला, जिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलेलं नाही.