सगळ्यांसोबत की एकट्याने?

छोटा उपग्रह वर न्यायला दोन वाटा आहेत: मोठ्या रॉकेटवर इतरांसोबत जागा घ्यायची किंवा छोटं रॉकेट आपल्यापुरतं घ्यायचं.

पहिली वाट स्वस्त, यात वादच नाही. १५ फेब्रुवारी २०१७ ला पीएसएलव्ही-सी३७ ने एका खेपेत १०४ उपग्रह सोडले. जानेवारी २०२१ मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटने १४३. दहा सेंटिमीटरचा क्यूबसॅट, म्हणजे ठोकळ्यासारखा छोटा उपग्रह, पेटीत बंद असतो. दार उघडतं, स्प्रिंग त्याला हळूच बाहेर ढकलते. खरी कसोटी इथून पुढे. रडारला दिसतो तो ठिपक्यांचा पुंजका, आणि त्यातला आपला कोणता हे ठरवताना टीमचा जीव टांगणीला लागतो. शिवाय कक्षा आणि तारीख दुसऱ्याच्या सोयीची.

रॉकेट लॅब कंपनीच्या ‘इलेक्ट्रॉन’सारखं छोटं रॉकेट जेमतेम ३०० किलो नेतं, किलोमागे बरंच महाग पडतं, पण हव्या त्या कक्षेत सोडतं. नासाचा चिमुकला उपग्रह कॅपस्टोन २०२२ मध्ये त्यावरूनच चंद्राकडे निघाला.

विद्यार्थ्यांच्या पहिल्या उपग्रहासाठी मी डोळे झाकून पहिली वाट धरेन. ठरावीक कक्षेवाचून कामच होणार नसेल, तर मात्र दुसरी.