दोन साप, एक पेटी की दोन?

बेळगावात, टिळकवाडीपासून खानापूरपर्यंत, कॉर्न स्नेक किंवा बॉल पायथन हे परदेशी, बिनविषारी साप पाळणारी पोरं आता भेटतात. (नाग, धामण, आपला अजगर यांचा विचारसुद्धा नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. बॉल पायथनचीही सरकारदरबारी नोंद लागते.) दुसरा साप आला की पहिला प्रश्न जागेचा.

एकत्र ठेवण्यात फायदा पैशाचा. एकच पेटी, एकच हीटिंग पॅड, तापमान आवरणारा एकच थर्मोस्टॅट. डिसेंबरात रात्री पारा १५ अंशांखाली उतरतो तेव्हा वीजबिलाचा विचार येतोच. पण फायदा तिथंच संपतो. दोन साप एकमेकांवर वेटोळं घालून पडले की "किती जीव आहे बघा" म्हणतात. जीव कसला! ऊबदार कोपरा एकच, त्यासाठीची ती मुकी रेटारेटी. दबलेला साप खाणं सोडतो. एकाच उंदरावर दोघांनी झडप घातली तर एक दुसऱ्याला गिळायलाही लागू शकतो. किंगस्नेक (हा अमेरिकेतला बिनविषारी साप, नागराज नव्हे) तर साप खातोच. शिवाय उलटी कुणी केली, विष्ठा कुणाची, कळत नाही. गोचीड एकाला झाली की दोघांना. नरमादी असतील तर अंडी पदरात.

वेगळं ठेवायला खर्च आणि जागा जास्त, एवढीच तक्रार. अमेरिकेतला गार्टर स्नेक नैसर्गिकरीत्या घोळक्यानं राहतो, तो अपवाद. बाकी, दुसऱ्या पेटीचे पैसे नसतील तर दुसरा साप आणूच नये. आणि नवा साप आणलाच, तर गोचीड-रोग पहिल्याला लागू नयेत म्हणून निदान दोन-तीन महिने त्याची खोलीही वेगळी हवी.