मोठ्या बाईकचा ब्रेक: पैसा पॅडवर, होजवर की मास्टर सिलिंडरवर?

विदर्भात मोठी स्पोर्ट बाईक घेतली तरी समृद्धी महामार्ग तिच्या नशिबी नाही. तिथे दुचाकीला बंदी आहे. म्हणजे निन्जा असो की सीबीआर, धावणार ती गावागावांतून जाणाऱ्या रस्त्यांवरच. तिथे दिवाळीच्या आगेमागे अर्ध्या डांबरावर सोयाबीन वाळत असतं, पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी ओढून आणलेली काळी माती पसरलेली असते, आणि अंधार पडता पडता तुरीतून रोही किंवा रानडुक्कर कधी आडवं येईल याचा नेम नसतो. अशा ठिकाणी पुढचं चाक किती धरून आहे हे बोटाला कळणं, ब्रेकच्या निव्वळ जोरापेक्षा जास्त कामाचं. जोर कंपनीच्या ब्रेकमध्ये असतोच. २०२१ च्या हायाबुसाला तर ब्रेम्बो या नावाजलेल्या कंपनीचे स्टायलेमा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड आवळणारे भाग, शोरूममधूनच येतात. तिला आणखी ताकद कशाला?

खिशात हात घालण्याआधी लिव्हर दाबून बघा. मऊ लागतो आणि दोन-तीनदा पंप केल्यावर घट्ट होतो? ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे. चिखलदऱ्याचा घाट उतरताना मऊ पडत गेला? ऑइल उकळतंय. लिव्हर टणक, पण गाडी थांबायचं नाव घेत नाही? पॅडवर काच चढली असेल, म्हणजे तापून त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत झाला असेल. पहिल्या दोन दुखण्यांवर कुठलाही महागडा पार्ट लागत नाही, ताजं ब्रेक ऑइल आणि नीट ब्लीडिंग, म्हणजे लाइनमधली हवा काढणं, पुरतं.

आपल्याकडे ऑइल उकळलं की खापर ४५ डिग्रीच्या उन्हावर फोडतात. खरा गुन्हेगार पावसाळा. डॉट ४ या दर्जाचं ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. नव्याला किमान २३० डिग्रीपर्यंत उकळी फुटता कामा नये असं मानक आहे. ओल धरलेल्यासाठी हीच मर्यादा १५५ वर येते. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८०. दर दोन वर्षांनी ऑइल बदललं तर साधं डॉट ४ सुद्धा गावाकडे भरपूर झालं. फक्त डॉट ५ टाकू नका. ते सिलिकॉनचं, वेगळ्याच जातीचं.

मास्टर सिलिंडरचं दोन वाक्यांत आटोपतो. लिव्हर दाबला की ऑइलवर दाब टाकतो तो हा. ब्रेम्बो आरसीएस १९ सारखा रेडियल सिलिंडर सुरेख चीज आहे, पण चेन्नई-कोइम्बतूरच्या ट्रॅकवर जायचं नसेल तर तो पैसा पुढच्या टायरसाठी राखून ठेवा.

उरले पॅड आणि होज, म्हणजे ऑइल नेणारी नळी. खरी निवड इथेच आहे.

सिंटर्ड, म्हणजे धातूची भुकटी दाबून-तापवून केलेला पॅड ओल्यात आणि गारठ्यात लवकर पकडतो, तापला तरी दम सोडत नाही. डिस्क मात्र थोडी जास्त खातो. तंतू आणि राळेपासून केलेल्या ऑर्गॅनिक पॅडची पकड मवाळ, हळूहळू वाढणारी. शहरात बरा, लांब घाटात थकतो. रेसचे पॅड तर विसराच. ते तापल्याशिवाय धरत नाहीत, आणि रानडुक्कर तोवर थांबत नाही. सिंटर्डचे दोन संच पुढे बसवायला साधी हत्यारं आणि एक सकाळ पुरते. त्याच वेळी कॅलिपरच्या पिस्टनभोवती बसलेली माती साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने धुऊन काढा; पुष्कळदा अर्धा फरक तिथेच पडतो.

स्टीलच्या जाळीचा होज ताकद वाढवत नाही. दाब पडल्यावर रबराचा होज किंचित फुगतो, हा जवळपास फुगत नाही, म्हणून लिव्हरचा टप्पा घट्ट आणि नेमका होतो. बोटाला मिळणारी खबर यानेच सुधारते. गाडी सात-आठ वर्षांची असेल, रबर कडक झालं असेल, तर मी होजला पहिला नंबर देईन. गाडी नवी असेल तर पॅडला.

होजची अडचण वेगळीच आहे. एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेकच्या) गाडीत होज एक-दोन नसतात, ते दाब कमी-जास्त करणाऱ्या मॉड्युलेटरपर्यंत जातात, आणि मॉड्युलेटरमध्ये अडकलेली हवा काढायला काही मॉडेलना स्कॅनर लावून आतला पंप फिरवावा लागतो. तालुक्याच्या मिस्त्रीकडे हात असतो, स्कॅनर नसतो. म्हणून किट मागवताना आपल्याच मॉडेलचं आणि एबीएसचंच मागवा, आणि नागपूरला गाडी नेण्याआधी फोन करून विचारा: या मॉडेलचा एबीएस ब्लीड करता का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं गॅरेज शोधा, तोवर पॅड बदलून घ्या.