मागच्या वर्षांचा मुलांचा खर्च: कलम १४४ की दिवाणी दावा?

घटस्फोटानंतर मूल आईकडे, शाळेची फी, दवाखाना सगळं तीच भरतेय आणि वडिलांनी काहीच दिलेलं नाही. मग मागच्या वर्षांचे पैसे मागता येतात का? वाट कोणती निवडता, यावर ते ठरतं.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५) ही जलद वाट. अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची पोटगीही मिळते. पण इथे मागे जाता येतं ते फक्त अर्जाच्या तारखेपर्यंत. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगी त्या तारखेपासूनच द्यावी, असं सांगितलं. म्हणून अर्ज लांबवणं म्हणजे मुलाचे पैसे बुडवणं. आदेशानंतर हप्ते थकले, तर वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत करा, हे फार जणी विसरतात.

दुसरी वाट हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० खालचा दावा. यात दाव्याआधीचा खर्चही मागता येतो, साधारण तीन वर्षांच्या मुदतीत. मात्र वेळ लागतो, आणि पावत्या, बँकेच्या नोंदी नसतील तर हात रिकामे राहतात. अठरा ओलांडलेल्या, अविवाहित, स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या मुलीसाठीही हाच मार्ग.

माझं मत स्पष्ट आहे: आधी १४४ चा अर्ज, लगेच; मागची रक्कम मोठी असेल आणि पुरावे असतील तर दावाही. एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे सांगावीच लागते. सहमतीच्या घटस्फोटात ‘मुलासाठी काही नको’ लिहून दिलं असलं, तरी मुलाचा हक्क त्याने संपत नाही.