तांबट आळीत घडवून घेतलेला स्मृतिचषक

शाळेत आमच्या वर्गात आणि खो-खोच्या संघात असलेला आमचा मित्र वयाच्या एकतिसाव्या वर्षी रस्त्यावरच्या अपघातात गेला. शाळेच्या मैदानावर दरवर्षी होणाऱ्या आंतरशालेय खो-खो स्पर्धेला त्याच्या नावाने फिरता चषक द्यावा, असे दहावीच्या २००४ सालच्या तुकडीतील आम्ही काही जणांनी ठरवले आणि पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत एका कारागिराकडून तो घडवून घेतला. असा चषक करून घेऊ इच्छिणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून त्या कामाविषयी लिहीत आहे.

आधी आम्ही तयार चषकांची तीन दुकाने पाहिली. तिथे सोनेरी मुलाम्याच्या प्लास्टिकवर बॅट उगारलेले फलंदाज रांगेने उभे होते आणि खो-खोचे नाव काढल्यावर दुकानदार धावणाऱ्या माणसाची बाहुली पुढे करत होते. आमचा मित्र वेगाने धावणारा नव्हता, त्याची सगळी ताकद हुलकावणीत होती. पाठलाग करणाऱ्या गड्याला बसलेल्या दोन खेळाडूंच्या मधून पलीकडे जाता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा खांब गाठेपर्यंत बदलताही येत नाही, पण संरक्षकाला या दोन्ही गोष्टींची मुभा असते. आणि आमचा मित्र एकेरी साखळी खेळताना, म्हणजे बसलेल्या खेळाडूंच्या मधून नागमोडी पळताना, या मुभेचा असा काही उपयोग करून घेई, की समोरचा गडी हात लांबवून पुढे निघून जाई आणि हा कमरेत वळून त्याच्या पाठीमागे उभा असे. ही गोष्ट कोणत्याही तयार बाहुलीत सापडण्यासारखी नव्हती. म्हणून आकृतीचा नाद सोडून आम्ही हाताने घडवलेला साधा तांब्याचा चषक करायचे ठरवले.

कारागिरांनी पहिला प्रश्न विचारला, तो मला आजही आठवतो: ‘‘हा उचलणार कोण? शाळेतली पोरं ना? मग फार जड नको आणि कान मोठे हवेत.’’ त्यांनी माझ्यासोबत आलेल्या मित्राच्या चौदा वर्षांच्या मुलाला चषकाच्या आकाराचा एक हंडा उचलायला लावला, त्याची बोटे कुठे येतात ते पाहिले आणि पत्र्यावर खूण केली. पत्रा कापून, तापवून मऊ करायचा, ठोकून आकार द्यायचा, ठोक्यांनी तो कठीण झाला की पुन्हा तापवायचा, असे हे काम बराच काळ चालते. शेवटी मठारकाम होते. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाला एक लागून ठोके घालत जायचे. त्याने तांबे कठीण होते आणि प्रत्येक ठोक्याच्या जागी उजेडाचा एक ठिपका उमटतो. मी दोन दुपारी तिथे बसून होतो. बोलता बोलताही त्यांच्या ठोक्यांची ओळ कुठे वाकडी गेली नाही.

नाव घालणारे गृहस्थ वेगळे. कारागिरांनीच त्यांच्याकडे पाठवले. मजकुरावरून आमच्यात बरीच चर्चा झाली होती. नावाआधी ‘कै.’ लिहावे की नाही, हे शेवटी आम्ही मित्राच्या आईला विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘संघाच्या यादीत जसं नाव असायचं, तसंच घाला.’’ तसेच घातले आणि त्याखाली आमच्या शेवटच्या सामन्यात तो संरक्षण करत किती वेळ टिकला त्याची नोंद: ‘३ मि. १० सें., नाबाद’. आम्ही दिलेल्या कागदावर ‘स्मृतीचषक’ असे चुकीचे लिहिले होते. त्या गृहस्थांनी आधी पेन्सिलीने अक्षरे काढून दाखवली आणि ‘‘यातला ‘ति’ ऱ्हस्व हवा ना?’’ असे स्वतःहून विचारले. तांब्यावर एकदा कोरलेले अक्षर पुसता येत नाही, त्यामुळे या एका प्रश्नाबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

दोन तक्रारी नोंदवायला हव्यात. पंधरा दिवसांचा वायदा होता, काम सव्वीस दिवसांनी हातात आले आणि स्पर्धेला दोनच दिवस उरले असताना आमचा जीव टांगणीला लागला होता. शिवाय सागवानी बैठकीचा स्क्रू पहिल्याच महिन्यात ढिला झाला. तो त्यांनी पैसे न घेता बसवून दिला, पण त्यासाठी कसब्यात पुन्हा खेप घालावी लागली. नाव घालण्यासह खर्च ९,२०० रुपये आला. तयार चषक याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळाला असता. तरीही मला ही किंमत रास्त वाटते. चषकावर लाखेचा थर दिलेला नाही, त्यामुळे हाताचे डाग पडतात आणि तांबे काळवंडते. चिंचेने किंवा लिंबू-मिठाने घासले की ते पुन्हा उजळते.

बक्षीस समारंभाच्या आधी चषक मित्राच्या आईच्या हातात दिला. त्यांनी नाव वाचले, मग चषक फिरवून मागच्या बाजूने ठोक्यांवरून बराच वेळ बोटे फिरवली आणि तो परत देताना पदराने पुसून दिला. बैठकीभोवतीच्या पितळी पट्टीवर विजेत्या शाळांच्या पंधरा नावांची जागा ठेवली आहे. यंदाच्या शाळेचे नाव घालायला पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच आळीत जाणार आहोत.