गाण्यांच्या ॲपमधला 'एक्स्प्लिसिट' फिल्टर: ८ महिने वापरून (५ पैकी ३ स्टार)

ॲपचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण हा फिल्टर (शिव्या किंवा अश्लील शब्द असल्याची खूण केलेली गाणी अडवणारा) आता बहुतेक सगळ्या मोठ्या ॲपमध्ये आहे आणि मी दोन ठिकाणी वापरून बघितला, थोड्याफार फरकाने सारखाच चालतो. आमच्याकडे मुलगी ११ वर्षांची आणि मुलगा ७ चा. फॅमिली प्लॅन घेतला, दोघांची वेगळी अकाउंट केली आणि माझ्या अकाउंटवरून दोघांचा फिल्टर चालू केला, म्हणजे त्यांना स्वतःहून तो बंद करता येत नाही. सेटिंग सापडायला जेमतेम दोन मिनिटं लागली. ज्या गाण्यापुढे इंग्रजी 'ई' अक्षराचा बारका चौकोन असतो ते गाणं फिकट दिसतं, दाबलं तरी वाजत नाही, आणि आपोआप एकामागून एक गाणी लागतात त्यातही ते गाळलं जातं. एवढं काम तो चोख करतो, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. तिसऱ्या महिन्यात मुलगी फोन घेऊन आली, "आई, हे गाणं लागतच नाहीये, मैत्रिणीने पाठवलंय." मी माझ्या फोनवर लावलं. एका गायकाने आपल्या गेलेल्या मित्रासाठी लिहिलेलं गाणं, चार मिनिटांत एकच शिवी, ती पण शेवटी आवाज फुटतो तिथे, मित्रावर चिडून की तू मला सांगितलं का नाहीस. तेवढ्या एका शब्दासाठी अख्खं गाणं बंद. आणि त्याच आठवड्यात मुलगा बुटाची लेस बांधता बांधता एक ओळ गुणगुणत होता, मी जाऊन ते पूर्ण गाणं ऐकलं, त्यात शिवी एकही नाही, 'ई'चा चौकोन नाही, फिल्टरमधून आरामात पास, आणि गाण्याचा अर्थ काय तर ती नाही म्हणते पण तिच्या मनात हो आहे, दोन ग्लास पाजा आणि मागे लागत राहा. ७ वर्षांच्या मुलाच्या तोंडी ते ऐकून माझ्या पोटात गोळाच आला.

मग हा चौकोन लावतं कोण हे शोधत बसले. मला वाटायचं ॲपवाले ऐकून ठरवत असतील. तसं नाहीये. गाणं अपलोड करताना रेकॉर्ड कंपनी किंवा तिचा डिस्ट्रिब्युटर (गाणी ॲपपर्यंत पोहोचवणारा) एका रकान्यात खूण करतो, एक्स्प्लिसिट आहे की नाही, आणि ॲप प्रामुख्याने त्या खुणेवर चालतं. ज्याने गाणं विकायचं त्यानेच त्यावर शिक्का मारायचा. त्यामुळे होतं काय, मूळ गाण्यावर खूण असते पण त्याच गाण्याचं कुणीतरी केलेलं कव्हर, रिमिक्स, संथ केलेली आवृत्ती यांच्यावर नसते. मुलीचं जे गाणं अडलं होतं त्याची दोन कव्हर तिच्याच अकाउंटवर वाजली, शिवीसकट. आणि इंग्रजी सोडून बाकी भाषांतल्या गाण्यांवर तर मला ही खूण फारच कमी दिसली.

ह्याचं मूळ जुनं आहे आणि ते माहीत असलं की फिल्टर असा अर्धवट का आहे ते कळतं. अमेरिकेत राजकारणी अल गोर यांच्या पत्नी टिपर गोर यांनी आपल्या ११ वर्षांच्या मुलीसाठी प्रिन्स या गायकाचा 'पर्पल रेन' अल्बम आणला, त्यातल्या 'डार्लिंग निकी' गाण्याचे शब्द ऐकून त्या हादरल्या (माझी पण ११ चीच, त्यामुळे हे वाचताना मी पूर्ण त्यांच्या बाजूने होते). १९८५ मध्ये त्यांनी आणि वॉशिंग्टनमधल्या आणखी काही जणींनी मिळून पीएमआरसी (पेरेंट्स म्युझिक रिसोर्स सेंटर) नावाची पालकांची संस्था काढली, १९ सप्टेंबर १९८५ ला सिनेटमध्ये सुनावणी झाली, आणि नोव्हेंबरमध्ये रेकॉर्ड कंपन्या स्वतःहून इशारा छापायला तयार झाल्या. तोच पुढे १९९० मध्ये सगळीकडे सारखा दिसणारा काळा-पांढरा स्टिकर झाला, आणि आजचा 'ई' त्याचंच पिल्लू. पण मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. पीएमआरसीने आधी मागितलं होतं ते कारणानुसार वेगळं अक्षर, म्हणजे लैंगिक किंवा अश्लील भाषेला एक, हिंसेला एक, दारू-ड्रग्जला एक. ते राहिलं बाजूला आणि सगळ्याला मिळून एकच शिक्का आला. आई म्हणून मला हवं होतं नेमकं तेच तेव्हा सोडून दिलं गेलं.

माझा भाऊ म्हणतो सरळ कायदा करा, विकणारा स्वतःवर कधी बंधन घालणार नाही, १९८५ मध्ये पण कंपन्या हलल्या त्या सिनेटच्या धाकानेच. हे त्याचं खरं आहे. पण त्याच सुनावणीत गायक जॉन डेन्व्हर येऊन सांगून गेला की त्याचं 'रॉकी माउंटन हाय' काही रेडिओवाल्यांनी लावलं नाही, का तर 'हाय' म्हणजे नशा असं त्यांनी धरलं, आणि गाणं होतं डोंगरातल्या रात्रीचं. १९९० मध्ये फ्लोरिडात एका न्यायाधीशाने टू लाइव्ह क्रू या रॅप गटाचा अल्बम अश्लील ठरवला, तो विकला म्हणून एका दुकानदाराला अटक झाली, आणि १९९२ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकालच फिरवला. मधल्या मधे दुकानदाराला भोगावं लागलं. कायद्याच्या हातात दिलं की सुक्याबरोबर ओलंही जळतं, आणि मित्रासाठी रडणारं गाणं आधी जळेल अशी मला खात्री आहे, कारण शिवी मोजता येते, पाठलाग करायला शिकवणं मोजता येत नाही. म्हणून मोठ्यांनी काय ऐकावं ह्यावर बंदी नको. पण खूण खरी लावणं, आणि कशासाठी लावली ते एका ओळीत लिहिणं, एवढं मात्र सक्तीचं असावं, सिनेमापुढे येतं ना हिंसा, शिवीगाळ वगैरे, तसं.

'क्लीन' व्हर्जनबद्दल फार बोलण्यासारखं नाही. शिवीचा शब्द गाळलेला असतो, बाकी मारामारी आणि बायकांबद्दलची भाषा जशीच्या तशी. शिवाय फिल्टर लागला की ॲपने आपोआप क्लीन गाणं द्यायला हवं, तर माझ्या ॲपमध्ये ते आपणच शोधायचं. मुलाच्या त्या गाण्याची तक्रारही केली होती, तीन आठवड्यांनी उत्तर आलं की ही माहिती हक्कधारकाकडून येते. बस्स.

सहाव्या महिन्यात मुलीचा फिल्टर मी काढला. ते अडलेलं गाणं आम्ही दोघींनी तिच्या पलंगावर बसून ऐकलं, गाण्याचे शब्द स्क्रीनवर सरकत होते, शिवीची ओळ आली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं, मी काही बोलले नाही, आणि गाणं संपल्यावर तिने विचारलं, "त्याच्या मित्राला कुणाशी बोलताच आलं नसेल का गं?" त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. शिवीचा विषय निघाला नाही.

मुलाचा फिल्टर चालूच आहे आणि अजून काही वर्षं राहील, निदान उघड शिव्या तरी कानावर पडत नाहीत, त्याचे तीन स्टार. त्याशिवाय त्याची प्लेलिस्ट दर रविवारी मी स्वतः ऐकते, आणि जे गाणं नको वाटतं ते त्याच्यासमोरच काढते, का काढलं ते सांगून. लेस बांधताना म्हणायचा ते गाणं पण तसंच काढलं, दोन दिवस रुसला होता.