डेसिडिम: इतिवृत्त लिहिणारीच्या नजरेतून

सभांची इतिवृत्तं लिहिण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. माणूस सभेत तळमळून बोलतो आणि कागदावर उरतं ते एवढंच: 'सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली.' त्यामुळे लोकसहभागासाठी कुठलीही नवी प्रणाली आली की मी आधी एकच गोष्ट तपासते. बोलणाऱ्याचं म्हणणं पुढे कुठे गेलं, याचा माग लागतो का? डेसिडिम या ऑनलाइन लोकसहभाग प्रणालीत तो लागतो, आणि म्हणूनच ती मला मनापासून आवडली.

बार्सिलोना महापालिकेने 2016 मध्ये शहराचा कृती आराखडा ठरवताना ती पहिल्यांदा वापरली. सुरुवातीला तिचा पाया माद्रिदच्या कॉन्सुल प्रणालीचा होता, पुढे ती नव्याने लिहिली गेली. त्या आराखड्यासाठी 10,000 हून अधिक सूचना आल्या. त्या सगळ्या काही घरी बसून टाइप केलेल्या नव्हत्या. 400 हून अधिक सभा झाल्या आणि तिथे मांडलेल्या सूचनाही त्याच जागी नोंदवल्या गेल्या. ज्याला स्क्रीन जमत नाही त्याचं म्हणणंही त्याच यादीत येणं, हे फार मोलाचं आहे.

सभेचं पान जरा बारकाईने बघण्यासारखं आहे. सभा झाली की आयोजक ती रीतसर बंद करतो. तेव्हा अहवाल, हजर माणसांची संख्या, आलेल्या संस्था हे सगळं भरायचं असतं आणि चर्चेत आलेल्या सूचना त्या सभेशी जोडता येतात. सूचनेचा मजकूर नंतर बदलला, तर जुनी आवृत्ती तशीच राहते. काय खोडलं, काय घातलं, कोणालाही उघडून पाहता येतं. 'दुरुस्तीसह कायम' झालेली कितीतरी इतिवृत्तं माझ्या हातून गेली आहेत. ती दुरुस्ती नेमकी काय होती, हे वर्षभराने विचारलं तर कोणालाच सांगता यायचं नाही.

पण खरी किंमत उत्तराच्या चौकटीची. प्रत्येक सूचनेवर प्रशासनाला मान्य, अमान्य किंवा विचाराधीन असा शेरा देता येतो आणि त्याखाली कारण लिहिता येतं. सूचना करणाऱ्याला आणि तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्यांना तसा निरोप जातो. मान्य सूचनेतून काम उभं राहिलं, तर ते किती टक्के झालं, कुठल्या टप्प्यावर आहे, हेही तिच्याशी जोडून दाखवायची सोय आहे. मी एकदा एका कार्यालयाच्या पोर्टलवर हरकत नोंदवली होती. 'आपली हरकत प्राप्त झाली' आणि एक क्रमांक, बस्स. अंतिम आदेशात 'प्राप्त हरकतींचा विचार करण्यात आला' एवढं एकच वाक्य होतं. आपलं म्हणणं कोणत्या कारणाने फेटाळलं, हे कळणं हा नागरिकाचा हक्क आहे, असं मी ठामपणे मानते.

उणिवा आहेतच. प्रक्रिया, टप्पे, घटक, समित्या अशी रचना इतकी दाट आहे की नवखा माणूस गोंधळतो. प्रणाली मुक्त स्रोत आहे, म्हणजे तिचा कोड सगळ्यांना खुला आहे, आणि ती फुकट मिळते, पण ती उभी करायला आणि सांभाळायला जाणकार तंत्रज्ञ लागतो. एकसारख्या सूचना एकत्र करण्याची सोय कामाची असली तरी मला तिची धास्ती वाटते. दोघांचं म्हणणं एका वाक्यात बसवताना कमी बोलणाऱ्याचा मुद्दा आधी गळतो, हे मी आयुष्यभर पाहिलंय. आणि उत्तराची चौकट रिकामी ठेवणाऱ्या कार्यालयाला कोणतंही सॉफ्टवेअर लिहितं करू शकत नाही.

विषय भांडणाचा असेल तर मी पोल-इज हे दुसरं साधन सुचवेन. तैवानमध्ये 2015 साली उबरच्या नियमांवर लोकांची मतं त्यातून घेतली होती. दुसऱ्याच्या विधानाला सहमत, असहमत किंवा 'पुढे' एवढंच म्हणता येतं. थेट प्रत्युत्तर द्यायची सोयच नाही, त्यामुळे वाद चिघळत नाही आणि विरोधी गटांचं कुठे जुळतं ते मतांच्या नकाशावर दिसतं. मात्र कोणत्या मुद्द्याचं पुढे काय झालं, याची नोंद ठेवायला डेसिडिमच हवं.

तुमच्याकडे कोणी ते बसवलं, तर मुखपृष्ठावरचे आकडे बाजूला ठेवा. सूचनांच्या यादीत गाळणी लावून फक्त अमान्य सूचना उघडा आणि त्यांखालची कारणं वाचा. प्रत्येक सूचनेखाली तेच ते वाक्य चिकटवलेलं असेल, तर पुढच्या सभेत पहिला प्रश्न त्यावरच विचारा आणि तो नोंदवून घ्या.